नवे गुरुजी, नव्या बाई: पहिल्या वर्षात आपलं शिकवणं कसं सुधारायचं

तिसरीच्या एका मुलीच्या वहीत मी हे उदाहरण पाहिलं: ५२ − २७ = ३५. मी लाल पेनाने फुली मारून पुढे गेलो. दुसऱ्या दिवशी तिने ६० − २४ = ४४ लिहिलं, तेव्हा मात्र थांबून विचारलं, "कसं काढलंस?" ती म्हणाली, "लहानातून मोठं जात नाही ना गुरुजी, म्हणून मोठ्यातून लहान काढलं." सातातून दोन गेले पाच, चारातून शून्य गेला चार. तिचा नियम पक्का होता आणि तो तिने दोन्हीकडे चोख पाळला होता. तो तिला माझ्याच एका वाक्यातून मिळाला होता. "लहानातून मोठं जात नाही" हे मीच फळ्यापाशी उभं राहून दहा वेळा म्हटलं होतं.

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमधून निवड होऊन तुम्ही नुकतेच जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झाला असाल, शिक्षण सेवकाची तीन वर्षं सुरू झाली असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. चांगलं शिकवायचं म्हणजे प्रशिक्षणं घ्यायची, सहकाऱ्यांकडून शिकायचं, तंत्रज्ञान वापरायचं, असं तुम्हाला सगळेच सांगतील. खरं आहे ते. पण या तिन्ही ठिकाणी रिकाम्या हाताने गेलात तर रिकाम्या हातानेच परत याल. आधी आपल्या वर्गातला एक प्रश्न हातात हवा. तो कसा शोधायचा आणि कुठेकुठे न्यायचा, ते पायरीपायरीने सांगतो.

पहिली पायरी: शंभरपानी वही

टाचणवही वेगळी, लॉगबुक वेगळं, शेरेबुक वेगळं. ही वही कुणाला दाखवायची नाही. पहिले दोन आठवडे रोज शाळा सुटल्यावर दहा मिनिटं बसा आणि तीनच गोष्टी लिहा: मुलाने काय केलं, जसंच्या तसं, विचारल्यावर तो काय म्हणाला, त्याच्याच शब्दांत, आणि त्याने असं का केलं असेल, हा तुमचा अंदाज. गुण लिहू नका. "कच्चा", "लक्ष नाही", "घरी अभ्यास घेत नाहीत" हे शब्दही नकोत. ते लिहिलं की आपला विचार तिथेच थांबतो.

"कसं काढलंस?" हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारा. फक्त चुकल्यावर विचारलात, तर आठ दिवसांत मुलं ओळखतात की गुरुजी विचारतायत म्हणजे चुकलंय, आणि लगेच खोडरबर काढतात.

या दोन आठवड्यांत मराठीतल्या संख्यानामांकडे नीट कान द्या. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्याला इथे फार काही सापडतं. 'बावन्न' म्हणताना आपण आधी दोन म्हणतो, मग पन्नास. लिहिताना मात्र आधी पाच, मग दोन. म्हणून 'बावन्न लिहा' म्हटलं की काही मुलं ऐकलेल्या क्रमाने २५ लिहितात आणि त्रेचाळीसचे ३४ होतात. एकोणतीस तर आणखी अवघड, कारण कानाला 'तीस' ऐकू येतं आणि वहीत ३९ उतरतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित अभ्यासमंडळाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची कारणं शांतपणे समजावून सांगितली होती. वादात कुणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. पण ज्याने पहिलीच्या वर्गात बसून पंचवीस वह्या पाहिल्या आहेत, त्याला ही अडचण काल्पनिक वाटणार नाही. घरी कोरकू, भिली, गोंडी किंवा वारली बोलणारं मूल असेल तर त्याला आधी आपली मराठीच नवी असते. त्याच्या घरच्या भाषेत एक ते वीस कसं म्हणतात, ते त्याच्याकडूनच शिकून घ्या आणि वहीत लिहा.

दुसरी पायरी: एकच प्रश्न निवडा

दोन आठवड्यांनी वहीत तीस-चाळीस नोंदी असतील. त्यांतली एकच निवडायची. सगळ्यात मोठी नव्हे, सगळ्यात जास्त मुलांमध्ये सारखी दिसणारी.

"मुलांना गणित येत नाही" हा प्रश्न नव्हे, ती तक्रार आहे. "हातच्याची वजाबाकी आली की नऊ मुलं खालच्या अंकातून वरचा अंक का काढतात?" हा प्रश्न. त्यात किती मुलं आहेत, नेमकं काय करतात आणि कधी करतात, हे तिन्ही आहे.

मग पाचच उदाहरणांची एक चाचणी तयार करा. प्रत्येक उदाहरण कशासाठी घेतलंय, ते ठाऊक हवं. माझी होती ती अशी. ६८ − २३ हे हातचा नसलेलं. इथेच चुकलं तर अडचण हातच्याच्या आधीची आहे. ५२ − २७ म्हणजे साधा हातचा. ६० − २४ मध्ये वर शून्य आहे, तिथे ४४ आलं की काय झालं ते तुम्हाला आता माहीत आहे. ७१ − ८ उभं मांडताना आठ कुणाखाली लिहिला ते पाहायचं. दशकाखाली लिहिला असेल तर त्या मुलाला वजाबाकी नव्हे, स्थानिक किंमत शिकवायची आहे. पाचवं उदाहरण शब्दांत: "आईकडे ४५ रुपये होते, १८ चं तेल आणलं, किती उरले?" अंकांत चुकणारी काही मुलं इथे तोंडी बरोबर उत्तर देतात, कारण दुकानात ती रोज जातात. ही नोंद जपून ठेवा, पुढे तीच उपयोगी पडते.

माझ्या वर्गात ती उपयोगी पडली. त्यानंतरचे चार आठवडे मी फळ्यावर वजाबाकी शिकवलीच नाही. काड्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे करून रबर लावले, पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या मुलांपुढे ठेवल्या आणि म्हटलं, "मला सत्तावीस द्या." दोन गठ्ठे लगेच आले. सात सुट्या काड्या मात्र नव्हत्या. इथे शिक्षकाने गप्प बसायचं असतं आणि ते सगळ्यात अवघड आहे. एका मुलाने शेवटी विचारलं, "गुरुजी, रबर काढू का?" मी म्हटलं, "काढून बघ." काड्यांनंतर खेळातल्या दहाच्या आणि एकच्या नोटा घेतल्या. आपल्याकडे नोट 'मोडतात' आणि 'सुटे' आणतात. 'दशक मोडला, सुटे झाले' हे मुलांना समजावून सांगावं लागलं नाही, कारण शब्द त्यांचेच होते. 'हातचा घेतला' हा शब्द मी सगळ्यात शेवटी आणला आणि 'लहानातून मोठं जात नाही' हे वाक्य तेव्हापासून पुन्हा कधी म्हटलं नाही.

तिसरी पायरी: प्रशिक्षणाला वही घेऊन जा

केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या गटातल्या, सगळ्या शाळांची मिळून शिक्षण परिषद होते. तालुक्याला गटसाधन केंद्र आहे. तिथे विषयांचे साधनव्यक्ती असतात. जिल्ह्याला डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे, आणि पुण्यात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद. ऑनलाइन अभ्यासक्रम 'दीक्षा'वर असतात. 'निष्ठा' हा २०१९ साली सुरू झालेला राष्ट्रीय कार्यक्रमही पुढे त्याच व्यासपीठावर आला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी देणं अपेक्षित आहे. म्हणजे प्रशिक्षणं तुमच्या वाट्याला येणारच. त्यांतून काय उचलायचं, एवढंच आपल्या हाती.

मोठी प्रशिक्षणं राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला, तिथून केंद्राला अशी उतरतात. प्रत्येक टप्प्यावर सुलभक, म्हणजे प्रशिक्षण घेणारा, बदलतो, दिवस कमी होतात आणि मूळ आशय थोडा पातळ होतो. तो सुलभकाचा दोष नाही. म्हणून मूळ हस्तपुस्तिका मिळवा आणि प्रशिक्षणाच्या आदल्या रात्री तुमच्या प्रश्नाशी संबंधित चार-पाच पानं वाचा. सगळी वाचू नका. दुसऱ्या दिवशी सत्र संपल्यावर सुलभकाला वेगळं गाठून वही दाखवा: "सर, ही माझ्या तिसरीची पाच उत्तरं. इथे काय करू?" "काही शंका आहेत का?" असं सभागृहात विचारलं की कुणी बोलत नाही, पण हातात वही धरलेल्या शिक्षकाला मी आजवर कुणी टाळलेलं पाहिलं नाही.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत एक गोष्ट वर्गात करून बघा. नववा दिवस उजाडला की ती राहते, हे मी स्वतः कितीदा अनुभवलंय.

ऑनलाइन अभ्यासक्रमांबद्दल मनापासून सांगतो. मोबाइल एका बाजूला चालू ठेवून, दुसरीकडे पोषण आहाराची माहिती भरत व्हिडिओ 'पूर्ण' करू नका. प्रमाणपत्र मिळेल, पण तुमच्या मुलांचे तेवढे तास गेले. एका बैठकीत एकच भाग बघा, मध्ये थांबवा आणि वहीत लिहा की यातलं काय माझ्या नऊ मुलांना लागू पडतं. काहीच लागू पडत नसेल तर तेही लिहा.

चौथी पायरी: कुणाला तरी आपल्या वर्गात बसू द्या

ही पायरी बहुतेक जण टाळतात. का टाळतात, तेही मला कळतं. माझ्या पहिल्या वर्षी एक अधिकारी वर्गात आले, दहा मिनिटं थांबले आणि मुलांसमोरच म्हणाले, "याला बी.एड. कुणी केलं?" पुढची दोन वर्षं वर्गाच्या दारात पावलं वाजली की माझा आवाज बदलायचा. वर्गात कुणी येणं म्हणजे तपासणी, हे समीकरण मनातून काढायला मला फार वेळ लागला. तुमचा तेवढा वेळ जाऊ नये.

जपानमधल्या शिक्षकांत पाठ-अभ्यासाची जुनी परंपरा आहे: शिक्षक मिळून एक पाठ रचतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात आणि नंतर सगळे बसून बोलतात. त्यातला 'मुलांकडे बघतात' हा भाग घ्या, बाकी आपल्या सोयीने करा. सहकाऱ्याला आधी सांगा की काय बघायचंय: "गठ्ठा सोडायची वेळ आली की मागच्या रांगेतली ती तीन मुलं काय करतात, तेवढंच बघा." त्याने मागे खुर्ची टाकून बसायचं नाही, त्या तीन मुलांशेजारी जमिनीवर बसायचं. तुमचा फळा, अक्षर, आवाज याकडे त्याचं लक्ष नको. मधल्या सुट्टीत चहा घेताना आधी मुलांनी काय केलं, ते बोलायचं. तुम्ही काय करायला हवं होतं, ते सगळ्यात शेवटी, आणि तेही तुम्ही विचारलंत तरच.

दोनशिक्षकी शाळेत हे कसं जमायचं, असा प्रश्न पडेल. एक शिक्षक चार वर्गांना एकत्र गोष्टीला किंवा कवितेला बसवतो आणि दुसरा त्यात मुलांशेजारी बसून बघतो. वीस मिनिटं पुरतात. एकशिक्षकी शाळा असेल तर शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर शेजारच्या शाळेतल्या शिक्षकाला भेटा. वही घेऊन जा आणि त्यांच्या मुलांच्या वह्या मागा.

ज्येष्ठांकडे जाताना सल्ला मागू नका, जागा मागा. "बाई, उद्या तुमच्या पहिलीत पहिले दोन तास बसू का?" वीस वर्षं पहिली शिकवलेल्या बाईंना आपण काय करतो ते शब्दांत सांगता येईलच असं नाही. पण रडत आलेल्या मुलाच्या हातात त्या मण्यांची माळ देतात आणि त्याला रंग मोजायला लावतात, हे बसल्याशिवाय दिसत नाही. अंगणवाडीच्या ताईंकडेही एक सकाळ जरूर घालवा. पहिलीत येणारं मूल त्यांना तुमच्याआधी तीन वर्षं माहीत असतं.

एकमेकांच्या वर्गातून शिकण्याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण सातारा तालुक्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्या बीटातल्या सुमारे ४० शाळांमधल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने काम उभं केलं. मुलं जमिनीवर गटात बसतात, हाताने करून बघतात, एकमेकांना शिकवतात. राज्यभरातून हजारो शिक्षक ते पाहायला गेले, आणि २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या शासन निर्णयामागेही या अनुभवाचा मोठा वाटा होता. पण परत आल्यावर काय केलं, यात फरक पडला. मी अशा अनेक शाळा पाहिल्या जिथे फरशी रंगवली गेली, भिंती रंगल्या आणि मुलं मात्र त्या रंगीत फरशीवर बसून पूर्वीसारखीच फळ्यावरचं उतरवून घेत होती. शाळाभेटीला जाल तेव्हा फोटो काढण्याआधी अर्धा तास एकाच गटापाशी बसा. त्यांच्यात भांडण झालं तर शिक्षक काय करतात, उत्तर चुकलं तर कोण बोलतं, ते लिहा. भिंती नंतरही बघता येतील.

व्हॉट्सॲपच्या गटांत सुप्रभात आणि परिपत्रकांच्या गर्दीत प्रश्न हरवतात. तीन-चार जणांचा वेगळा छोटा गट करा आणि नियम एकच ठेवा: मुलाचं नाव झाकून वहीचा फोटो टाकायचा आणि खाली "हे असं का झालं असेल?" एवढंच लिहायचं.

पाचवी पायरी: आता मोबाइल आणि पडदा

शाळेत स्मार्ट टीव्ही असेल, प्रोजेक्टर असेल, गावाने लोकसहभागातून टॅब दिले असतील. काहीच नसलं तरी तुमच्या खिशात मोबाइल आहे, आणि सुरुवात त्याच्यापासूनच होते.

एक तास आवाजाचं रेकॉर्डिंग करा. मोबाइल टेबलावर उपडा ठेवा. घरी ऐकताना एकच गोष्ट मोजा: प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती सेकंद थांबता. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने हेच मोजलं होतं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. माझं पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा सात प्रश्नांपैकी पाचांची उत्तरं मीच दिलेली होती. या एका रेकॉर्डिंगने माझं शिकवणं जेवढं बदललं, तेवढं कुठल्याही ॲपने बदललेलं नाही.

त्यानंतर 'प्लिकर्स' हे ॲप. प्रत्येक मुलाला क्रमांक असलेलं एक छापील कार्ड द्यायचं. कार्ड ज्या बाजूने वर धरलं, ते त्याचं उत्तर. तुम्ही मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणी काय उत्तर दिलं ते दिसतं. मुलांकडे कुठलंही यंत्र लागत नाही आणि शेजाऱ्याचं कार्ड बघून नक्कल करणं अवघड जातं. खरी मेहनत पर्याय तयार करण्यात आहे. ५२ − २७ ला उगाच चार आकडे देऊ नका. २५ हे बरोबर उत्तर, ३५ म्हणजे खालच्यातून वरचा काढणारं मूल, ७९ म्हणजे बेरीज करणारं. चुकीचे पर्याय तुमच्या शंभरपानी वहीतूनच येतात, म्हणून दुसऱ्याने केलेली तयार प्रश्नमंजूषा तुमच्या वर्गाबद्दल फारसं सांगत नाही.

पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड 'दीक्षा'ने उघडतात. हे कोड पुस्तकांत येण्याआधी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी ते वापरून दाखवले होते. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला आणि त्याची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. त्या कामातून घ्यायचं ते हे: पुस्तक मुलाच्या हातात होतंच, कोडने ते बोलतं केलं. गोष्टींसाठी 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी पुस्तकं मोफत आहेत, उतरवून छापायचीही मुभा आहे, आणि बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. जे हवं ते रेंज असेल तिथे आदल्या दिवशी उतरवून ठेवा. वर्गात बसून गोल फिरणारं चक्र बघण्यात तास घालवू नका.

व्हिडिओ दाखवायचा तर तीन-चार मिनिटांचा, आणि मध्ये दोनदा थांबवून "आता काय होईल?" असं विचारायचं. टीव्ही चालू असताना वर्ग शांत असतो. ती शांतता फसवी असते, तिच्यावर विसंबू नका. शक्य तिथे व्हिडिओ काड्यांच्या नंतर आणा, आधी नको. ज्याने रबर स्वतः सोडलाय, त्यालाच पडद्यावरचा मोडणारा दशक ओळखू येतो.

आणि मुलांचे चेहरे, नावं, चुकलेल्या वह्या समाजमाध्यमांवर टाकू नका. पालकांनी मूल तुमच्याकडे विश्वासाने सोडलेलं असतं.

वेळ कुठून आणायचा

ऑनलाइन माहिती, पोषण आहार, सर्वेक्षणं यांत दिवस जातो, हे खरं आहे आणि त्याबद्दल संघटनांनी बोललंच पाहिजे. पण शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा धरलाय आणि त्यात पूर्वतयारीचे तास स्पष्टपणे समाविष्ट आहेत. तयारी हा आपल्या कामाचाच भाग आहे. मुख्याध्यापकांना विनंती करून शुक्रवारी शाळा सुटल्यावरचा अर्धा तास ठरवून घ्या. दोघांनी दोन वह्या घेऊन बसायचं, त्या अर्ध्या तासात माहिती भरायची नाही.

महिन्यानंतर

तीच पाच उदाहरणं, फक्त आकडे बदलून, पुन्हा द्या. माझ्याकडे नऊपैकी सहा मुलं या चुकीतून सुटली, तीन राहिली. त्या तिघांपैकी दोघांचा आठ अजून दशकाखाली जात होता. म्हणजे त्यांना मी चार आठवडे भलतंच औषध दिलं होतं. त्यांच्यासाठी मी मागे गेलो, दशक-सुट्यांपासून सुरुवात केली. तिसऱ्याच्या घरी जाऊन आलो तेव्हा कळलं की त्याला फळा नीट दिसत नव्हता. त्याला चष्मा मिळाला.

बाकीच्यांना ४०३ − १५८ दिलं. शतकाची नोट मोडायची तर आहे, पण मधे दशकच नाही. सगळा वर्ग थबकला. मी शंभरपानी वहीचं नवं पान उघडलं.